मागच्या नळाला हात लावू नये

गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्लीबरोबर एक चिठ्ठी देण्याची आमच्या घरी प्रथा आहे. 'तुळशीला पाणी घालणे. दूधवाल्याला नको सांगणे. मागच्या नळाला हात लावू नये.' गेल्या चाळीस वर्षांत या चिठ्ठीत भर पडत गेली, वजा काही झालं नाही. मागचा नळ आम्ही 1998 साली काढून टाकला. चिठ्ठीत तो अजून आहे.

यंत्रांनाही अशा चिठ्ठ्या लिहून द्याव्या लागतात, हे मला नानांनी शिकवलं. नाना म्हणजे आमच्या गल्लीतले हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, गच्चीवर एरियल उभारायची आणि शेजाऱ्याशी बोलायचं सोडून जगाशी गप्पा मारायच्या, असा हा छंद. परीक्षेला त्यांनीच मला बसवलं आणि पास होईपर्यंत पिच्छा सोडला नाही.

त्यांच्या खोलीत रेडिओला जोडलेला एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हटल्यावर कपाटाएवढं धूड डोळ्यांपुढे आणू नका. शेवटी शेवटी तो रास्पबेरी पाय नावाच्या, साबणाच्या वडीएवढ्या डबीत मावला होता. गावातले हौशी लोक आपापल्या रेडिओवरून त्याला हाक मारत, एकमेकांना निरोप ठेवत. वीज गेली की डबी निजे आणि आली की उठून बावळटासारखी बसे. मी कोण, रेडिओ कुठे जोडलाय, कुठल्या नावाने ओ द्यायची, काही ठाऊक नाही! ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे स्टार्टअप स्क्रिप्ट. आणि कुणी पाहुणा आत आला की त्याचं पाटपाणी कसं करायचं, ते सांगणारी लॉगिन स्क्रिप्ट.

या चिठ्ठ्यांची वंशावळ नाना कुलवृत्तान्त वाचावा तशी सांगत. मूळपुरुष एक फ्रेंच गृहस्थ, लुई पूझां. 1963-64च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच संगणक अनेक जण वाटून वापरत. तेच ते हुकूम पुन्हा पुन्हा बडवावे लागू नयेत म्हणून पूझांनी 'रनकॉम' लिहिला. हुकूम एका फाइलीत मांडून ठेवा, यंत्र ते ओळीने पाळील. पुढे युनिक्सवाल्यांनी त्या नावातली 'आरसी' ही दोन अक्षरं उचलली आणि यंत्र उठताना वाचायच्या फाइलीला दिली. 1979च्या सातव्या युनिक्समध्ये 'डॉट प्रोफाइल' आली, ती आलेल्या माणसासाठी. आज 'आरसी' म्हणजे काय असं विचारलंत तर निम्मे जाणकार घुटमळतील. गोत्र सगळ्यांना सांगता येतं, ऋषीची माहिती विचारू नये.

रेडिओची शाखा निराळी. 1978 साली कॅनडात, माँट्रियलच्या हौशींनी रेडिओवरून मजकुराची पाकिटं पाठवली. 1984मध्ये त्या पाकिटांच्या 'एएक्स 25' नावाच्या नियमांची दुसरी आवृत्ती छापून आली. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं कॉलसाइन हवंच. पुढे फिल कार्न या अमेरिकन हौशाने घरगुती संगणकाला रेडिओवरून इंटरनेटची भाषा बोलायला लावणारा प्रोग्रॅम लिहिला. तो उठताना 'ऑटोएक्झेक डॉट नेट' नावाची चिठ्ठी वाचायचा. नव्वदीत ही विद्या लिनक्समध्ये शिरली. ती तिथे नेणारे अ‍ॅलन कॉक्स स्वतः रेडिओवाले. नानांनी तिन्ही पिढ्या पाहिल्या होत्या. यंत्र बदललं की ते जुनी चिठ्ठी नवीन यंत्राच्या भाषेत उतरवून घेत.

लॉगिनचा प्रकार तर ऐकण्यासारखा. आमच्या सर्व्हरला पासवर्ड नव्हता. हौशी रेडिओवर सांकेतिक भाषेत बोलायला मनाई. मग पासवर्ड हवेत सोडणं म्हणजे तिजोरीचा नंबर गणपतीच्या मांडवातून लाउडस्पीकरवर सांगणं! म्हणून पाहुण्याचं कॉलसाइन हीच ओळख. आत आलं की नानांची एक ओळ दिसे, रोमन लिपीतल्या मराठीत: 'या, बसा. चहा नाही, निरोप आहेत.'

नाना गेले. मुलगा परदेशी, म्हणून डबी माझ्याकडे आली आणि मी सुधारणा सुरू केल्या. पहिल्यांदा देवनागरीत वीस ओळींचं स्वागत लिहिलं. आमच्या रेडिओचा वेग सेकंदाला 1200 बिट, म्हणजे फार तर दीडशे बाइट. आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइट खातं. माझं स्वागत संपेपर्यंत सगळं गाव ताटकळत राही. नाना रोमन का लिहीत, ते तेव्हा कळलं.

मग स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये 'स्लीप 20' अशी ओळ सापडली. सर्व्हरने कामावर आल्या आल्या वीस सेकंद झोपायचं? कचेरीतसुद्धा आम्ही निदान हजेरी लावून मग झोपत होतो. काढली ती ओळ. जुलैतल्या एका रात्री वीज गेली, पहाटे आली आणि सर्व्हर मुका. ओळीशेजारी हॅशचं चिन्ह टाकून नानांनी लिहिलं होतं, 'मोडेम हळू उठतो, माझ्यासारखाच.' हॅशपुढचं यंत्र वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच होती. मित्राचा फोन आला, "अहो, नाना अजून हवेत आहेत." सर्व्हर दर अर्ध्या तासाला आपलं नाव पुकारायचा आणि ते नाव नानांचं होतं. रेडिओवाला वारला की आम्ही त्याला 'सायलेंट की' म्हणतो. त्याची कळ आता मुकी झाली. इथे कळ बोलतच होती. परवाना माणसाचा असतो, तो माणसाबरोबर संपतो. कायद्याने ते नाव काढायलाच हवं होतं. सहा अक्षरं पुसायची, माझी सहा घालायची. एका मिनिटाचं काम, पण मला अख्खी संध्याकाळ लागली. जुनी ओळ पुसवेना. शेवटी तिच्याआधी हॅश टाकला आणि खाली माझी ओळ लिहिली. आता सर्व्हर माझ्या नावाने ओ देतो. 'या, बसा' मात्र नानांचंच.

परवा गावाला जाताना सौभाग्यवती चिठ्ठी लिहीत होत्या. मी म्हटलं, "अगं, मागचा नळ आता आहे कुठे?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलेली ओळ आहे ती. असू दे."