डोंबिवली स्थानकावर नाव मिळालेली संख्या

१/ १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच राहते. तिच्या कुळाला नाव लाभले ते मात्र कोणा गणितज्ञाचे नव्हे, मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकाचे. ते नाव ठेवणारा होता देवळालीचा एक शाळामास्तर.

२/ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीत अध्यापन केले.

३/ जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानक तेव्हा ‘डेम्लो’ या नावानेही ओळखले जाई. या संख्यांची कल्पना तेथे सुचली, म्हणून कापरेकरांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले.

४/ लक्षण सोपे आहे. संख्येचे तीन भाग पाडावे. डाव्या आणि उजव्या भागांच्या बेरजेत एकच अंक पुनःपुन्हा यावा आणि मधला भागही त्याच अंकाचा असावा. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्यभागी उभा ९.

५/ ही संख्या म्हणजे १११११११११ चा, अर्थात नऊ एक्क्यांचा वर्ग. गुणाकार मांडताना एक्क्यांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात नि पुन्हा १ पर्यंत उतरतात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून शिखर अभंग राहते.

६/ दहा एक्के घेतले की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती मोडली. ही मर्यादा संख्येची नव्हे, आपल्या दशमान लेखनाची आहे.

७/ आणखी एक गुण. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे नाव दिले. येथे भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग, आणि त्या १२३४५६७९ मध्ये केवळ ८ गैरहजर!

८/ स्वदेशातील अनेक विद्वानांना हे काम क्षुल्लक वाटले. कापरेकरांनी आपले बरेच लेखन स्वतःच छापले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. तोवर ते सत्तरीचे झाले होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

९/ आज ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ जगभर शिकवला जातो. डेम्लो संख्येची ओळख मात्र घरीच करून घेता येते. मुलांना १११ चा वर्ग करायला सांगावा. उत्तर १२३२१; १२ + २१ = ३३, मधोमध ३. मास्तरांचा वर्ग अजून सुटलेला नाही.