महामार्गावरील वेग कोण ठरवतो?

ग्रामीण भागातून जाणाऱ्या महामार्गांवर वेगमर्यादेचे फलक ठिकठिकाणी दिसतात. प्रत्यक्षात चालकाचा वेग फलकावरील आकड्यापेक्षा रस्त्याच्या रूपावरून अधिक ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जण रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले, तर सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात आहे.

वेगावर परिणाम करणारा पहिला घटक म्हणजे रस्त्याची रचना. रुंद मार्गिका, प्रशस्त साइडपट्ट्या आणि दूरवर दिसणारा सरळ रस्ता चालकाला निर्धास्त करतात. याउलट वळणे, अरुंद पूल, रस्त्यालगतची झाडी व घरे यांमुळे वेग आपोआप मंदावतो.

दुसरा घटक दृष्टीला जडलेल्या सवयीचा. दीर्घकाळ एकाच वेगाने वाहन चालविल्यास तो वेग कमी भासू लागतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. अशा मार्गावरून दोन तास प्रवास करून गावाच्या रस्त्याला लागलेल्या चालकाला ताशी ७० किलोमीटरचा वेगही संथ वाटतो. त्यामुळे स्वतःच्या अंदाजापेक्षा वेगदर्शक काट्यावर विसंबणे अधिक सुरक्षित ठरते.

याखेरीज सोबतच्या वाहनांचा वेग, वेळेची निकड, आवाज व धक्के जाणवू न देणारी आधुनिक वाहने आणि पकडले जाण्याची शक्यता यांचाही प्रभाव पडतो. पोलिस किंवा कॅमेरा दृष्टीआड होताच अनेक चालक पूर्वीच्या वेगावर येतात.

वेगातील अल्प वाढही महागात पडते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. सुरक्षितपणे थांबण्यासाठी ताशी ८० किलोमीटरला १२० मीटर, तर १०० किलोमीटरला १८० मीटर दृष्टिपथ असावा, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष आहे. म्हणजे वेग एकचतुर्थांशाने वाढताच आवश्यक अंतर दीडपट होते. एखादे मूल अथवा बैलगाडी अचानक आडवी आल्यास हा ६० मीटरचा फरक निर्णायक ठरतो.

सर्वाधिक धोका संभवतो तो महामार्ग वस्तीत शिरतो तेथे. रस्ता पूर्वीइतकाच रुंद व मोकळा राहिल्यास केवळ फलकाने वेग उतरत नाही. गावाच्या वेशीवर रस्ता दृश्यतः अरुंद करणे, दुभाजक, खडबडीत पट्टे, तसेच क्रमाक्रमाने जवळ येणारे आडवे पिवळे पट्टे हे उपाय उपयुक्त ठरतात. अशा पट्ट्यांमुळे वेग वाढत असल्याचा भास होतो व पाय ब्रेककडे वळतो. फलकावरील मर्यादा रस्त्याच्या रूपातूनही व्यक्त झाली, तरच ती पाळली जाण्याची शक्यता वाढते.