एकरूख तलाव : सिंचन, शहर आणि विरंगुळा

सोलापूर–तुळजापूर मार्गालगत, शहरापासून सुमारे ८ कि.मी. अंतरावर आदिला नदीवर बांधलेल्या तलावास दोन नावे आहेत. शासकीय दप्तरात तो ‘एकरूख’, तर सोलापूरकरांच्या बोलण्यात ‘हिप्परग्याचा तलाव’. काठावरील दोन गावांवरून ही नावे आली असली, तरी या जलाशयाच्या दुहेरी इतिहासास ती चपखल लागू पडतात.

१८६० मध्ये सोलापुरास रेल्वे पोहोचली. त्यानंतर काही वर्षांतच एकरूखचे काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये ते पूर्ण झाले. दोन कि.मी.हून अधिक लांबीचा हा बांध मातीचा आहे. पुण्याजवळ खडकवासल्यास दगडी धरण उभे राहिले. येथे मात्र रुंद, उथळ खोरे लाभल्याने लांबलचक मातीचा भराव घालणे सोयीचे ठरले. उंच पातळीवरून दोन व खालच्या पातळीवरून एक असे कालवे काढण्यात आले. वरच्या कालव्यांना पाणी मिळण्यासाठी तलाव चांगला भरावा लागे, आणि अवर्षणप्रवण मुलखात नेमकी तीच अडचण होती.

सिंचनाचा हेतू मात्र संथगतीने फळास आला. याचा दोष शेतकऱ्यांच्या अज्ञानास देण्याची वसाहतकालीन प्रवृत्ती फारशी न्याय्य वाटत नाही. भारी काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून राहते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर निघते. अशा स्थितीत पाणीपट्टी भरून पाणी घेण्याऐवजी पावसाची वाट पाहणे हा कुणब्याचा चोख हिशेब होता. पाऊस चुकला की मागणी एकदम वाढे; पण त्याच वर्षी तलावातही पाणी कमी असे. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा पेच उघड केला.

दरम्यान शहर बदलत होते. १८७७ मध्ये सोलापुरात कापड गिरणी सुरू झाली, कामगारवस्ती वाढली आणि १८८० च्या सुमारास नगरपालिकेने एकरूखचे पाणी शहरात आणले. शेतीसाठी बांधलेला तलाव अशा रीतीने नगराचा पाणवठा झाला. टाकळी येथून भीमेचे व पुढे उजनीचे पाणी मिळू लागल्यावर शहराचे त्यावरील एकमेव अवलंबित्व संपले. तरी पिण्याचे पाणी राखीव ठेवावे की उसाला सोडावे, हा वाद मिटला नाही.

विरंगुळ्याचे स्थान म्हणून या तलावाची नोंद अभ्यासक सहसा घेत नाहीत. वस्तुतः उन्हाच्या या गावात विस्तीर्ण पाण्याचे दर्शन हीच अपूर्वाई. पावसाळ्यात भरलेला तलाव पाहण्यास नागरिकांची गर्दी होते, हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांसाठी पक्षिनिरीक्षक येतात. या उपयोगाची पाणीपट्टी कोणी भरत नाही, म्हणून तो हिशेबातही येत नाही. पाणी आटले की शेतकऱ्याइतकाच तो काठही ओस पडतो.

अलीकडच्या एकरूख उपसा सिंचन योजनेने तलावास निराळीच भूमिका दिली आहे. उजनीचे पाणी येथे आणून पुढे दक्षिण सोलापूर व अक्कलकोट तालुक्यांकडे उचलले जाते. आदिलेच्या पाण्यासाठी घातलेला बांध आता भीमेचे पाणीही अडवतो.