‘सदृश’ची वंशावळ

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तालयातून दरवर्षी डिसेंबरअखेर मराठवाड्याच्या खरिपाची अंतिम पैसेवारी बाहेर पडते. त्याआधी गावोगाव तलाठी, सरपंच आणि दोन-चार शेतकरी रानात उतरलेले असतात. दोरी लावून तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. उतारा पन्नास पैशांच्या आत आला तर गाव अडचणीत आहे, हे सरकारला मान्य. गावाला ते सप्टेंबरातच कळलेलं असतं.

पैसेवारी ही मूळची आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. 1957 साली दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले, मोजमापाची रीत तीच राहिली. दुष्काळात सरकारने काय करायचं हे मात्र त्याआधीच लिहून ठेवलेलं होतं. 1876–78च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, 1880 साली आयोगाचा अहवाल आला आणि 1883 साली दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. गोऱ्या साहेबाचा हात आखडताच होता, पण दुष्काळ जाहीर झाला की कामं काढणं त्यालाही टळत नसे. म्हणजे जबाबदारी त्या एका शब्दाला चिकटली.

मग शब्दच काढला. महाराष्ट्राने 1963 साली कायदा करून राज्याच्या कायद्यांतला ‘फॅमिन’ पुसला आणि तिथे टंचाई आणली. पिकांवर आपलं सतत लक्ष असतं, तेव्हा दुष्काळाची वेळच येणार नाही, असा त्यामागचा भरवसा. नऊ वर्षांनी 1972 आलं. मराठवाड्यातली बायामाणसं खडी फोडायला बसली, सुकडीवर दिवस निघाले. त्या पिढीतलं कुणी ‘बहात्तरची टंचाई’ म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही.

टंचाईच्या पोटी पुढे ‘दुष्काळसदृश’ जन्मला. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात विचारणा झाली, तेव्हा सरकारने ‘सदृश’ म्हणजे दुष्काळच असं मान्य केलं. 29 हजारांहून जास्त गावं त्यात होती. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर केंद्राला दुष्काळ नियमावली सुधारायला लावली. नवी नियमावली डिसेंबरात आली. आता पाऊस, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहातून दिसणारी हिरवाई यांवर तालुका ठरतो. तरी 2023 साली 40 तालुक्यांत दुष्काळ आणि पाठोपाठ 1,021 महसूल मंडळांत पुन्हा ‘सदृश’.

सप्टेंबर 2025 मध्ये उलटं झालं. मराठवाड्यात सोयाबीन, कापूस पाण्याखाली कुजला, माती खरवडून गेली आणि ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी उठली. सरकारचं उत्तर आलं: असा शब्द नियमावलीत नाही, मात्र दुष्काळाच्या सगळ्या सवलती देऊ.