पडद्यावरचा आखाडा

नव्वदच्या दशकात नागपूरसारख्या शहरांत ज्यांचे शालेय शिक्षण झाले, त्यांना व्हिडिओ गेम पार्लर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या गाळ्यात ओळीने मांडलेली उभी खोकी, गल्ल्यावर पैसे देऊन घेतलेले टोकन, घामाने चिकट झालेली दांडी आणि खेळणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावणारी पाच-सात डोकी, असे त्याचे स्वरूप असे. घरच्यांच्या दृष्टीने ते पैसे आणि अभ्यासाचा वेळ उधळण्याचे ठिकाण होते, आणि हा आरोप सर्वस्वी खोटा होता असेही म्हणता येत नाही. मुलांमध्ये 'मुस्तफा' या नावाने ओळखला जाणारा खेळ तेव्हा अतिशय लोकप्रिय होता. पण त्यात दोघांनी मिळून गुंडांशी लढायचे असे. खरी चुरस दिसे ती 'स्ट्रीट फायटर' किंवा 'किंग ऑफ फायटर्स'च्या खोक्यापाशी. तेथे अलिखित नियम एकच होता. जिंकेल त्याने बसून राहावे, हरेल त्याने उठावे आणि मागे उभा असलेल्याने नवे टोकन टाकून विजेत्याशी भिडावे. आज जगभर मोठमोठ्या सभागृहांत फायटिंग गेमच्या ज्या स्पर्धा भरतात, त्यांचे मूळ या साध्या नियमात आहे.

फायटिंग गेममध्ये पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर शक्ती दाखविणारी पट्टी असते आणि ठरावीक वेळात प्रतिस्पर्ध्याची पट्टी रिकामी करणारा फेरी जिंकतो. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८७ मध्ये 'स्ट्रीट फायटर' आणला. परंतु या प्रकाराला खरे वळण दिले ते १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' ने. (हातपाय रबरासारखे लांबविणारा आणि तोंडातून ज्वाळा सोडणारा धालसिम हा भारतीय योगी याच खेळातला. भारतीयांना त्याचे कौतुक वाटावे की संकोच, हे अद्याप ठरलेले नाही.) त्यानंतर १९९२ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि १९९४ मध्ये 'टेकन' आला. अलीकडच्या स्पर्धांत 'स्ट्रीट फायटर ६' (२०२३) आणि 'टेकन ८' (२०२४) हे दोन खेळ प्रमुख मानले जातात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा बटणे बडविण्याचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते आणि प्रत्येक ठोशाला किती चित्रांचा अवधी लागतो, तो चुकला तर किती चित्रे योद्धा उघडा पडतो, हे सारे निश्चित असते. मुरलेल्या खेळाडूंना ही कोष्टके पाठ असतात. मात्र नुसत्या पाठांतराने भागत नाही. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला सेकंदाचा साधारण पाव भाग, म्हणजे पंधरा चित्रांइतका वेळ लागतो. कित्येक वार त्याच्या आत येऊन जातात. अशा वेळी पाहून अडविणे अशक्य असते, ओळखून अडवावे लागते. समोरचा खाली मारील की वर, धरून आपटील की नुसता वाट पाहील, याचा अंदाज बांधायचा तो त्याच्या सवयीवरून. कुस्तीत खडाखडी करताना मल्ल एकमेकांचा अंदाज घेतात, तसेच हे. म्हणूनच यंत्राविरुद्ध शेकडो तास खेळूनही हा खेळ पुरता येत नाही. त्याला समोर माणूस लागतो, आणि तोही आपल्यापेक्षा थोडा सरस.

ही गरज ओळखूनच अमेरिकेत १९९६ साली कॅलिफोर्नियातील सनीवेल येथे 'बॅटल बाय द बे' नावाची स्पर्धा भरली. त्या वेळी जेमतेम चाळीसेक खेळाडू जमले होते. २००२ पासून हीच स्पर्धा 'इव्होल्यूशन', खेळाडूंच्या भाषेत 'इव्हो', या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२३ मध्ये लास व्हेगास येथे तिच्यातील एकट्या 'स्ट्रीट फायटर ६' साठी ७,०६१ जणांनी नाव नोंदविले आणि विजेतेपद संयुक्त अरब अमिरातीच्या 'अँग्रीबर्ड' या टोपणनावाच्या खेळाडूने मिळविले.

या आकड्यापेक्षा बोलकी आहे ती स्पर्धेची रचना. येथे निवड चाचणी नसते. प्रवेशमूल्य भरणारा कोणीही उतरू शकतो आणि पहिल्याच सामन्यात त्याची गाठ जगज्जेत्याशी पडू शकते. एक पराभव झाला की खेळाडू 'हरलेल्यांच्या' गटात जातो, दुसरा झाला की बाद होतो. त्याचे गणित सरळ आहे. निम्मे लोक पहिला सामना हरतात, त्यांतील निम्मे दुसराही हरतात. याचा अर्थ, सुमारे पाव खेळाडू एकही सामना न जिंकता घरी जातात. महिनोन्महिने सराव, प्रवासखर्च, हॉटेलचे भाडे, आणि प्रत्यक्ष खेळ जेमतेम वीस मिनिटांचा! पहिल्यांदा स्पर्धेत उतरलेल्यांचे अनुभव ऐकले तर त्यात विलक्षण साम्य आढळते. हात थरथरतात, घरी डोळे मिटून जमणारा डाव ऐनवेळी बोटांतून निसटतो, आणि सामना संपल्यावर आपण नेमके काय केले हेच आठवत नाही. त्यात नियमही कडक. खेळ चालू असताना चुकून थांबविण्याचे बटण दाबले गेले तर ती फेरी गमवावी लागते. रिमोट प्रत्येकाने आपापला आणायचा असतो आणि बिनतारी असल्यास उठताना यंत्रापासून तोडायचा असतो. नाही तर खिशातल्या रिमोटमुळे पुढच्या दोघांचा सामना बिघडतो. अशा चुका होतातच, आणि ज्याच्या हातून ती घडते तो पुन्हा कधी ती करीत नाही.

तरीही हे लोक पुढच्या वर्षी परत येतात. याचे कारण स्पर्धेच्या तक्त्याबाहेर शोधावे लागते. दोन्ही खेळाडू एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसतात. सामना संपताच हस्तांदोलन होते आणि पुष्कळदा हरलेला विचारतो, 'मी कुठे सापडलो?' जिंकलेला सांगतो. आपल्या विजयाचे रहस्य प्रतिस्पर्ध्याला उघड करण्याची ही प्रथा इतर खेळांत क्वचितच आढळेल. त्यामागे केवळ औदार्य नाही. समोरचा सुधारला नाही तर आपणही सुधारणार नाही, हे व्यावहारिक शहाणपणही आहे. बाद झालेले खेळाडू सभागृहाच्या कडेला मांडलेल्या मोकळ्या यंत्रांवर रात्री उशिरापर्यंत स्नेहाचे सामने खेळतात. बरेच जण याच तासांसाठी आलो असे प्रांजळपणे सांगतात.

या समुदायाचे सारेच चित्र गोड नाही. पार्लरच्या काळात मुली तेथे फिरकत नसत आणि त्या वातावरणाचा वारसा स्पर्धांनाही दीर्घकाळ चिकटून राहिला. २०२० मध्ये साथीमुळे इव्होची नेहमीची स्पर्धा रद्द झाली. तिच्याऐवजी ठरलेली ऑनलाइन स्पर्धाही संस्थेच्या तत्कालीन प्रमुखावर गैरवर्तनाचे आरोप झाल्याने रद्द करावी लागली. वर्तनाचे नियम आणि तक्रारीची व्यवस्था या गोष्टी त्यानंतर अधिक गांभीर्याने घेतल्या जाऊ लागल्या.

या विश्वातला सर्वांत गाजलेला क्षण २००४ च्या इव्होमधला आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे 'स्ट्रीट फायटर ३' च्या सामन्यात जपानचा डायगो उमेहारा अमेरिकेच्या जस्टिन वाँगविरुद्ध खेळत होता. डायगोच्या योद्ध्याची शक्ती इतकी उरली होती की नुसता अडविलेला वारही त्याला संपविण्यास पुरेसा ठरला असता. वाँगने पंधरा प्रहारांची मालिका सोडली. डायगोने प्रत्येक प्रहार येण्याच्या नेमक्या क्षणी दांडी पुढे ढकलून पंधराच्या पंधरा परतविले आणि उलट हल्ल्यात सामना जिंकला. प्रेक्षक खुर्च्यांवरून उठून ओरडत असलेली ती चित्रफीत पुढे लक्षावधी लोकांनी पाहिली. पण तिच्यात न दिसणारा भाग असा, की ती स्पर्धा डायगोने जिंकली नाही. अंतिम सामन्यात तो आपल्याच एका देशबांधवाकडून हरला. पुढे खेळावर जगता येणार नाही असे वाटून त्याने तो सोडला आणि काही काळ वृद्धांच्या शुश्रूषेचे काम केले. 'स्ट्रीट फायटर ४' आल्यानंतर तो परतला आणि २००९ व २०१० मध्ये इव्होचा विजेता ठरला.

भारतीय वाचकाने विशेष लक्ष द्यावे अशी घटना मात्र लाहोरची आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानातील फुकुओका येथे झालेल्या इव्हो जपानमध्ये 'टेकन ७' चे विजेतेपद अर्सलान सिद्दीकी ऊर्फ 'अर्सलान ॲश' या, तोवर जगाला जवळजवळ अपरिचित असलेल्या तरुणाने मिळविले. व्हिसा आणि विमानप्रवासाच्या अडचणींतून वाट काढत तो तेथे पोहोचला होता. विजयानंतर त्याने सांगितले, की आपल्या देशात आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. दक्षिण कोरियाचा 'नी' हा टेकनमधील ज्येष्ठ खेळाडू मात्र त्याच वर्षी खात्री करून घेण्यासाठी आणि शिकण्यासाठी स्वतः पाकिस्तानात गेला, खेळला, आणि हरलाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लास व्हेगासच्या इव्होमध्ये अंतिम सामना या दोघांतच होऊन अर्सलान विजयी झाला. पुढे आतिफ बट या दुसऱ्या पाकिस्तानी खेळाडूने २०२२ च्या टेकन वर्ल्ड टूरचा अंतिम टप्पा जिंकला, तेव्हा त्या विधानाबद्दल शंका उरली नाही. तेथे सरकारी प्रबोधिनी नव्हती, मोठे प्रायोजकही नव्हते. रोज संध्याकाळी एकमेकांशी भिडणाऱ्या मुलांनी भरलेली पार्लरे मात्र होती, आणि आपल्याकडची बंद पडत गेली तरी ती तेथे तग धरून राहिली होती.

आपल्याकडे पार्लरे गेली ती आधी घरगुती यंत्रांमुळे, मग सायबर कॅफेंमुळे आणि शेवटी मोबाइलमुळे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या महोत्सवांत संगणकीय खेळांच्या स्पर्धा होत राहिल्या, तरी त्यांत भर असे तो गोळीबाराच्या, मोटार शर्यतीच्या आणि फुटबॉलच्या खेळांवर. अधिकृत मान्यता उशिरा आली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा समावेश क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेतील बहुक्रीडा प्रकारांत केला. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५' पदकाचा खेळ होता आणि त्यात मयंक प्रजापती व अयान बिस्वास यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले; पदक मिळाले नाही. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने पटकावले, तेव्हा त्याचे वय ४४ वर्षांचे होते. पार्लरमध्ये वाढलेल्या पिढीला या वयाचे फार अप्रूप वाटले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे काढले आणि स्पर्धेचे प्रवेशमूल्य व बक्षिसाची रक्कम ग्राह्य धरली. त्यामुळे आयोजकांची निदान एक भीती गेली.

मग नागपूरच्या खेळाडूपुढे अडचण कोणती? इंटरनेटवर खेळता येते, हे खरे. भारताच्या मध्यभागी शून्य मैलाचा दगड असलेल्या या शहराला तसा भूगोलही अनुकूल आहे. मुंबई येथून हवाई मार्गाने सुमारे सातशे किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सात सहस्रांश सेकंद. पडद्यावरचे एक चित्र सुमारे सतरा सहस्रांश टिकते. प्रत्यक्षातील केबल वळणे घेत जाते, वाटेत यंत्रे लागतात, घरात वाय-फाय असते, म्हणून हा विलंब कित्येक पटींनी वाढतो. जुन्या खेळांत त्यामुळे बटण दाबल्यावर वार उशिरा होई. इव्होच्या संस्थापकांपैकीच एक असलेल्या टोनी कॅननने २००६ मध्ये त्यावर तोड काढली. समोरच्याची पुढची हालचाल यंत्राने गृहीत धरायची आणि अंदाज चुकल्यास खेळ क्षणभर मागे नेऊन दुरुस्त करायचा. 'रोलबॅक' नावाची ही पद्धत आता बहुतेक प्रमुख फायटिंग गेममध्ये आहे.

तंत्रज्ञानाने अंतर असे कमी केले. परंतु सामना संपताच प्रतिस्पर्धी पडद्यावरून नाहीसा होतो. 'मी कुठे सापडलो?' हे विचारायला शेजारी कोणी नसते. एरवी हे शहर समोरासमोरच्या झुंजीला नवखे नाही. रौनक साधवानी २०१९ मध्ये, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये आणि बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून दिव्या देशमुख २०२५ मध्ये ग्रँडमास्टर झाली. बुद्धिबळाला मात्र मानांकन आहे, संघटना आहे, सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या स्पर्धा आहेत, आणि मुलाला तेथे घेऊन जाताना आईवडिलांना शेजाऱ्यांपुढे संकोचावे लागत नाही.

फायटिंग गेमच्या स्थानिक मेळाव्याला लागणारी सामग्री त्या मानाने किरकोळ आहे. एक खोली, दोन-तीन कन्सोल आणि तितकेच मॉनिटर पुरतात. घरातले मोठे टीव्ही सहसा टाळावेत. चित्र सुधारण्याच्या नादात ते स्वतःच विलंब करतात. आठ जण जमले तर दोन पराभवांनंतर बाद या पद्धतीने चौदा सामने होतात, अंतिम फेरी पुन्हा खेळावी लागली तर पंधरा, आणि एका दुपारीत ते सहज संपतात. वार ठरलेला असावा आणि तो बदलू नये. ज्या मेळाव्यांची तारीख दर वेळी नव्याने विचारावी लागते, ते बहुधा फार काळ टिकत नाहीत. रिमोट ज्याने त्याने आपापला आणावा.