‘पोहोचणे’ या क्रियापदाचा शासकीय अर्थ : ग्रामीण ब्रॉडबँड योजनेचा एक इतिहास

स्वातंत्र्योत्तर काळात खेड्यापर्यंत एखादी सोय नेण्याचे जे मोठे उपक्रम शासनाने हाती घेतले, त्यांचा इतिहास बहुधा खर्चाच्या व उद्दिष्टांच्या आकड्यांतून लिहिला जातो. आकडे आवश्यकच आहेत. परंतु ज्या शब्दाखाली मोजणी चाललेली असते त्या शब्दाचा अर्थ कोणी व केव्हा ठरविला, हे न पाहता केवळ बेरीज वाचली तर दिशाभूल होते. ग्रामपंचायती ‘जोडल्या’ गेल्या, सेवा ‘पोहोचली’ अशी वाक्ये ग्रामीण ब्रॉडबँडच्या संदर्भात आपण एका तपाहून अधिक काळ वाचीत आलो आहोत. या क्रियापदांच्या पोटात नेमके काय येते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाला विजेच्या इतिहासात एक बोलके पूर्वोदाहरण आहे. १९९७ पूर्वीच्या व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव विद्युतीकृत समजले जाई. शिवारातील एका विहिरीवर पंप चालू असला तरी पुरे; गावठाणात दिवा लागो वा न लागो. १९९७ मध्ये हा वापर वस्तीच्या आत असावा असे ठरले. २००४ मध्ये व्याख्या आणखी कसण्यात आली : दलित वस्तीसह वस्तीत विजेची मूलभूत व्यवस्था हवी; शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक जागी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. २०१८ च्या एप्रिलमध्ये मणिपूरमधील लेइसांग गावी वीज गेली व देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याची घोषणा झाली. ती याच व्याख्येने खरी होती. उरलेल्या घरांसाठी सौभाग्य योजना २०१७ मध्येच निराळी सुरू करावी लागली होती. दूरध्वनीची कथा फार वेगळी नाही. १९९४ च्या धोरणाने सर्व गावांत १९९७ पर्यंत दूरध्वनी नेण्याचे ठरविले, तर १९९९ च्या धोरणाने तीच मुदत २००२ वर नेली.

ब्रॉडबँडसाठी लागणाऱ्या द्रव्याची तजवीज मात्र दूरदृष्टीने झाली होती, हे मान्य केले पाहिजे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के भाग सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतला जाऊ लागला व २००६ च्या दुरुस्तीने ब्रॉडबँडही या निधीच्या कक्षेत आले. त्याच्या आधारे २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेला मान्यता दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकी १०० मेगाबिटांची क्षमता, सुमारे २० हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षांची! २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. राजस्थानातील अराईं, आंध्रातील परवाडा व त्रिपुरातील पानिसागर या तीन गटांतील प्रायोगिक काम त्याच वर्षी पार पडले. देशव्यापी काम मात्र मुदतीच्या फार मागे राहिले.

या विलंबाचे खापर केवळ कार्यालयीन दिरंगाईवर फोडणे सोपे आहे. वस्तुतः मूळ आराखड्यातच एक काटकसर होती. गटाच्या मुख्य ठाण्यापासून पंचायतीपर्यंत संपूर्ण नवी तार टाकावयाची नव्हती. दूरध्वनी केंद्रांसाठी पूर्वीच पुरलेली, मुख्यतः बीएसएनएलची तार जेथे संपे, तेथून पुढचा तुकडा तेवढा नवा. नवा तुकडा सुस्थितीत असला तरी जुन्या तारेचा दोष त्याला भोगावा लागे. शिवाय मांडणी बहुतांशी सरळ रेषेची होती. रस्तारुंदीकरणात किंवा नळाच्या चरात मध्येच तार तुटली की त्यापुढील सर्व पंचायती एकदम मुक्या होत. यंत्र पंचायत कार्यालयात ठेवले जाई. कार्यालयाला कुलूप असले किंवा वीज नसली तर यंत्रही निरुपयोगी. कार्यालयापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणी घालावयाचा? ते काम खासगी सेवादार क्षमता भाड्याने घेऊन करतील, असे गृहीत धरले होते. ते गृहीत फारसे फळाला आले नाही.

तरीही हिशेब होत राहिला, कारण हिशेबाचा शब्द ‘सेवासज्ज’ हा होता. आपल्या व्याकरणकारांनी काळांचे जे भेद केले आहेत ते येथे उपयोगी पडतात. ‘तार पोहोचली आहे’ हा पूर्ण वर्तमान. क्रिया एकदा घडली की वाक्य खरे झाले. ‘सेवा मिळत असते’ हा रीतिवर्तमान. ते दररोज नव्याने खरे व्हावे लागते. शासकीय अहवाल पहिल्या रूपात लिहिला जातो आणि गावकऱ्याची तक्रार दुसऱ्या रूपात असते, म्हणून दोघेही खरे बोलूनसुद्धा एकमेकांना खोटे ठरवितात. मौज अशी, की २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात व्याख्येचा पहिला घटक ‘सदैव चालू’ असलेली जोडणी हाच होता. पुढे वेगाचा निकष २५६ किलोबिटांवरून २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट असा चढत गेला. पंचायती मोजताना मात्र ‘सदैव’ या शब्दाची आठवण राहिली नाही.

२०१५ मध्ये योजनेचे नाव भारतनेट झाले. डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. दुसऱ्या टप्प्यात आठ राज्यांनी हे काम स्वतःकडे घेतले. त्यांत महाराष्ट्र होता व येथे ते ‘महानेट’ या नावाने चालले. महाराष्ट्रातच मेळघाटातील हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले आणि २०१९ च्या लोकसभा प्रचारात त्या बिरुदावरून जाहीर वाद झाला. वादाचा विषय गावात यंत्रे आली होती की नाही हा नसून ती चालतात की नाही हा होता. २०२१ मध्ये १६ राज्यांत खासगी भागीदारीस मान्यता मिळाली, पण तो मार्ग तडीस गेला नाही. २०२२ मध्ये कंपनीच बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचे ठरले.

४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाची तरतूद १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची आहे, म्हणजे मूळ अंदाजाच्या जवळजवळ सातपट. आमच्या मते या आकड्यापेक्षा आतील तांत्रिक व करारविषयक बदल अधिक महत्त्वाचे आहेत. सरळ रेषेऐवजी वलयाकार मांडणी स्वीकारण्यात आली, जेणेकरून एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश जावा. दहा वर्षांची देखभाल करारात घातली गेली आणि तिचा मोबदला सेवेच्या ठरलेल्या दर्जाशी बांधला गेला. रीतिवर्तमानाला हिशेबात प्रथमच जागा मिळाली. तोपर्यंत दोन लाखांच्या आसपास पंचायती जुन्या अर्थाने ‘सेवासज्ज’ म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. त्या जुन्या रेषा आता याच कार्यक्रमाखाली पुन्हा वलयांत बांधावयाच्या आहेत.