घडवणाराच बजावतो आहे

भाईंदर स्टेशनची गर्दी तूर्त मागे टाका. तुम्ही 1972च्या एडिंबरा विद्यापीठात आला आहात. समोरचा तरुण जेफ्री एव्हरेस्ट हिंटन. तर्काचं बीजगणित मांडणारे जॉर्ज बूल हे त्याचे खापरपणजोबा. बूल यांची पत्नी मेरी ही आपल्याकडच्या सर्वेक्षण खात्याच्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. या विद्यार्थ्याच्या नावातलं एव्हरेस्ट तिथून आलं आहे. मध्यंतरी सुतारकाम करून तो पुन्हा अभ्यासाकडे वळलाय. मेंदूच्या पेशींसारखं जाळं यंत्रात उभारता येईल, असं तो म्हणतो. त्याच्या मार्गदर्शकांचा या जाळ्यांवरचा विश्वास उडाला आहे. वाद होतात. आणखी सहा महिने द्या, दाखवून देतो, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

सहा महिन्यांची चाळीस वर्षं होतात. 1986 साली रुमेलहार्ट आणि विल्यम्स यांच्यासोबतचा त्याचा लेख ‘नेचर’मध्ये छापला जातो. यंत्राला नियम पढवायचे नाहीत; उदाहरणं दाखवायची, उत्तर चुकलं की ती चूक उलट दिशेने मागे नेत प्रत्येक जोडणीचं वजन थोडं थोडं बदलायचं. एव्हाना तो अमेरिकेत आहे; पुढच्याच वर्षी ती सोडून टोरांटोला जातो. अमेरिकेतल्या संशोधनाला मिळणारा लष्करी पैसा हे त्यामागचं एक कारण. कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती त्याला म्हातारपणीच सुचली असं म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

2012. टोरांटोतली एक झोपायची खोली. हिंटनचा विद्यार्थी अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की आईवडिलांच्या घरी, व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या दोन चिपांवर, बारा लाख छायाचित्रं यंत्राला शिकवतोय. सोबत हिंटनचाच विद्यार्थी इल्या सुत्स्केव्हर आहे. चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या चुका 26 टक्के, यांच्या 15. डिसेंबरात तिघांच्या छोट्या कंपनीचा लिलाव होतो आणि गूगल 4 कोटी 40 लाख डॉलर मोजतं.

आता पायाखालची जमीन ओळखीची लागेल. मीरा रोड, ऑक्टोबर 2016. इथे रात्र, म्हणजे अमेरिकेत कामाची वेळ. हेडफोन लावलेली मुलंमुली तिकडच्या करखात्याचे अधिकारी बनून माणसांना अटकेची भीती घालताहेत. ठाणे पोलिसांची धाड पडते. शेकडो जण ताब्यात, सुमारे 70 जणांना अटक. नीट पाहून घ्या. या फसवणुकीला मजले भरून माणसं लागत होती, घोकलेला मजकूर आणि कमावलेले उच्चार लागत होते. हिंटनच्या जाळ्यांमुळे काही वर्षांतच काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून कुणाचाही आवाज उभा करता येणार आहे.

त्याच वर्षी हिंटन जाहीरपणे सांगतो, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्या पुढे जाईल. पाच वर्षं सरली, रेडिओलॉजिस्ट आहेतच. त्याचे अंदाज चुकतात, हे मान्य करायलाच हवं. पण म्हणून त्याचा इशारा झटकून टाकणं मला धोक्याचं वाटतं.

मे 2023. पंचाहत्तरीचा हिंटन मोकळेपणाने बोलता यावं म्हणून गूगल सोडतो. त्याचं म्हणणं ऐका. माणूस दुसऱ्याला शिकवतो ते हळूहळू, शब्दांतून. एका यंत्रप्रणालीच्या हजारो प्रती मात्र आपलं शिकणं एकमेकींना थेट देतात; एकीला कळलं की सगळ्यांना कळतं. आयुष्यभराच्या कामाबद्दल आपल्याला थोडा पश्चात्ताप होतो, असंही तो कबूल करतो.

10 डिसेंबर 2024, स्टॉकहोम. हॉपफिल्ड यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस मेजवानीच्या भाषणात आनंदाच्या गोष्टींवर थांबत नाही. सायबर गुन्हेगार हे तंत्र वापरू लागलेच आहेत, असं तो बजावतो. पुढे आपल्याहून हुशार यंत्रं निर्माण झाली तर त्यांच्यावर ताबा राहील की नाही, कुणालाच माहीत नाही. आणि झटपट नफ्यामागे लागलेल्या कंपन्यांनी ती घडवली तर आपली सुरक्षितता त्यांच्या यादीत पहिली नसेल. ज्याने पाया घातला तो हे सांगतोय, म्हणून सरकारकडे नियम मागणं आणि कंपन्यांकडे हिशेब मागणं हे आपलंही काम आहे.

सरकारचं होईल तेव्हा होईल. तुम्ही आजच घरच्यांमध्ये एक खुणेचा शब्द ठरवा. लेकाच्या आवाजात कुणी घाईने पैसे मागितले, तर तो शब्द विचारा, फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.